सायलेन्सरची झडप: उघडी ठेवायची की हलती?

आधी एक गोंधळ मिटवू. इथे बोलायचंय ती झडप इंजिनाच्या हेडमधली नव्हे. ताकदवान गाड्यांच्या मागच्या सायलेन्सरात, शेवटच्या पाइपच्या जरा अलीकडे, आडव्या दांडीवर बसवलेली एक गोल चकती असते, ती. गॅरेजमध्ये तिला फ्लॅपच म्हणतात. ती बंद असली की धूर सायलेन्सरच्या पोटातून वळसे घेत जातो. उघडली की जवळच्या वाटेने सरळ बाहेर पडतो आणि गाडीचा घसा मोकळा होतो.

कंपनी ती बंद ठेवते यामागचं मोठं कारण आवाजाची चाचणी. गाडी ५० किलोमीटरच्या वेगाने येते, ठरलेल्या रेषेवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो आणि साडेसात मीटरवरचा माइक आवाज मोजतो. आपल्याकडे नऊ सीटपर्यंतच्या गाडीला ७४ डेसिबलची मर्यादा आहे. झडपेचा प्रोग्राम या आकड्याला धरूनच लिहिलेला असतो. पण वरच्या आरपीएमला, पूर्ण ॲक्सिलरेटरवर कंपनी ती स्वतःच उघडते, कारण तिथे धुराला अडवणं इंजिनाला परवडत नाही. म्हणजे झडप कायमची उघडून ताकद वाढते हा समज सोडून द्या. जिथे ताकद मोजली जाते तिथे ती आधीच उघडी असते. मिळतो तो फक्त खालच्या आरपीएमचा आवाज. तेवढ्यासाठी काम करायचं असेल तर जरूर करा, पण कशासाठी करतोय ते माहीत असू द्या.

सगळ्यात लोकप्रिय उपाय पाच मिनिटांचा आहे. बऱ्याच गाड्यांत व्हॅक्यूमने, म्हणजे नळीतून हवा खेचून, झडप बंद होते आणि स्प्रिंगने उघडते. बीएमडब्ल्यूची एन-५५ इंजिनाची मॉडेलं आणि कॉर्व्हेटच्या सहाव्या पिढीतला दोन आवाजांचा एक्झॉस्ट ही त्याची प्रसिद्ध उदाहरणं. अशा गाडीत ॲक्च्युएटरची (झडपेला ओढणाऱ्या डबीची) नळी उपसायची, तिच्या तोंडात स्क्रू खुपसून टाय बांधायचा, झालं. कॉर्व्हेटवाले तर नुसता फ्यूज काढतात. कोरड्या हवेच्या शहरात हा जुगाड चार-पाच वर्षं तक्रार न करता चालू शकतो. रत्नागिरी, मालवण, हर्णे या पट्ट्यात त्याला एक पावसाळा पुरतो.

याचं कारण दांडीपाशी आहे. साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीची ही दांडी दोन बुशांत (तिला धरणाऱ्या कड्यांत) फिरते आणि मधली फट केसाएवढी असते. कंपनीचा सायलेन्सर बहुधा ४०९ दर्जाच्या स्टेनलेसचा किंवा ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या लोखंडाचा असतो. ४०९ मध्ये क्रोमियम जेमतेम अकरा टक्के, त्यामुळे नावाला स्टेनलेस असूनही तो गंजतो. लोहचुंबक लावून बघा, चिकटेल. खाऱ्या वाऱ्याने त्यावर तांबूस पूड धरते. लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, म्हणून तो त्या फटीत फुगून दांडीला आवळतो. झडप रोज हलत असेल तर ही पूड घासून खाली पडते. एकाच जागी सहा महिने उभी राहिली, वर तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस आणि चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) रस्त्यावरचा तांबडा चिखल, की दांडी आणि बुश एकजीव होतात. मग वर्षभराने कोणी नळी परत जोडतो तेव्हा व्हॅक्यूम खेचतो, दांडी हलत नाही आणि शेवटी ॲक्च्युएटरचं रबरी पडदं फाटतं. मोटरवाली झडप असेल तर आतली प्लॅस्टिकची चाकं दात सोडतात. किनाऱ्यावर झडपेचं काम करताना म्हणून पहिला नियम धरावा: ती कधीही बंद किंवा उघडी करा, पण तिचं रोजचं हलणं बंद पाडू नका.

कामाला हात घालण्याआधी तपासणी. गाडी पूर्ण थंड, दोन स्टँडवर, चाकांना अडवणीचे ठोकळे. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी शिरू नये, घाईतसुद्धा. व्हॅक्यूमवाली झडप असेल तर ॲक्च्युएटरवरची नळी काढून हातपंप जोडा आणि पाऱ्याच्या १५ इंचांपर्यंत खेचा. दांडीचा हात (तिच्या टोकाची छोटी पट्टी) एका दमात, न अडखळता फिरला पाहिजे आणि काटा मिनिटभर जागेवर राहिला पाहिजे. काटा उतरला तर पडदं फाटलंय. काटा स्थिर पण हात फिरत नाही, तर दांडी जाम. हात अर्ध्यावर थांबून मग झटक्याने जातो, तर जाम होण्याची सुरुवात झालीय. या तीनांतलं काहीही असेल तर मोडिफिकेशन बाजूला ठेवा आणि आधी दांडी मोकळी करा.

ती मोकळी करायची रीत शांतपणे करण्याची आहे. ॲक्च्युएटरच्या रॉडची छोटी क्लिप काढून रॉड दांडीच्या हातापासून वेगळा करा. दांडीच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी दांडीच्या हाताला पाना लावून पाच अंश पुढे, पाच अंश मागे, एवढंच. पुन्हा तेल, पुन्हा तेवढंच. वळण हळूहळू वाढवत न्या. चकतीवर हातोडी मारायची नाही, ती वाकली की काठाला घासून कायमची अडकते. तेल ओलं असताना गॅसची ज्योतही जवळ नको. पूर्ण फिरायला लागली की ब्रेक क्लीनरने सगळं तेल आणि चिखल धुऊन काढा, सुकू द्या आणि ग्रॅफाइटचा कोरडा स्प्रे मारून वीस-तीस वेळा झडप हलवा. इथे ग्रीस लावणारे बरेच भेटतात. त्या उष्णतेला ग्रीस जळून त्याचा डांबरासारखा थर होतो आणि दोन महिन्यांत झडप पहिल्यापेक्षा वाईट बसते. सगळं झाल्यावर दांडी बोटांनी वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवत असेल तर बुश झिजलंय. आयडलला मागून जी टिणटिण येते ती बहुधा तीच.

आता मुख्य काम. व्हॅक्यूमवाल्या गाडीत कंपनीची एकही वायर न तोडता हवा तेव्हा आवाज आणि एरवी कंपनीची वागणूक, असं दोन्ही मिळतं. त्यासाठी कंपनीच्या सोलेनॉइडपासून (विजेने वाट बदलणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हपासून) ॲक्च्युएटरकडे जाणाऱ्या नळीत आणखी एक तीन तोंडांचा, १२ व्होल्टचा व्हॅक्यूम सोलेनॉइड घालायचा. एक तोंड कंपनीच्या सोलेनॉइडकडे, दुसरं ॲक्च्युएटरकडे, तिसरं मोकळ्या हवेत. वीज नसताना पहिली दोन तोंडं जोडलेली राहतील आणि वीज मिळाली की ॲक्च्युएटर हवेशी जोडला जाऊन पहिलं तोंड बंद होईल, असाच प्रकार मागा. उलट प्रकारचा घेतलात तर वीज नसताना झडप उघडी आणि वीज असताना कंपनीच्या मर्जीवर, सगळा खेळ उलटा.

तिसरं तोंड कशाला, नुसता नळ बसवला तर नाही का चालणार? नाही चालणार. नळ बंद केल्यावर ॲक्च्युएटरच्या बाजूला व्हॅक्यूम अडकून राहतो आणि झडप बंदच राहते. लोक मग स्प्रिंग बिघडली म्हणून ॲक्च्युएटर बदलतात. स्प्रिंगला काम करायचं तर पडद्याच्या त्या बाजूला हवा आत यावी लागते, ती या तिसऱ्या तोंडातून. त्याला छोटा फिल्टर लावा, तोंड खाली करा आणि सोलेनॉइड डिकीत किंवा बॉनेटखाली कोरड्या जागी बसवा. गाडीच्या तळाला लावलात तर हेच तोंड मीठ आणि चिखलाने बुजतं आणि झडप उघडायला दहा सेकंद घेते.

नळी आतून साडेतीन ते चार मिलिमीटरची. कंपनीच्या नळीशी ताडून घ्या, सैल बसली तर टायने गळती थांबत नाही. सायलेन्सरजवळचा शेवटचा वीतभर भाग रबराचा नको, तिथे धातूची बारीक नळी घाला. टर्बो गाडीत व्हॅक्यूम इनटेकमधून (इंजिनात हवा जाण्याच्या वाटेतून) घेतलेला असेल तर मधला एकमार्गी व्हॉल्व्ह जागेवर आणि बरोबर दिशेने आहे ना ते बघाच. फुंकून कळतं: ॲक्च्युएटरच्या बाजूने फुंकलेली हवा इंजिनाकडे गेली पाहिजे, उलट येता कामा नये. तो उलटा बसला तर व्हॅक्यूम पोचतच नाही आणि अजिबात नसला तर बूस्टचा, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा, दाब थेट पडद्यावर जातो. कुठलीही व्हॅक्यूम नळी उघडी सोडू नका. इंजिन तिथून जादा हवा ओढतं, आयडल थरथरतं आणि ती वाट ब्रेकच्या बूस्टरशी जोडलेली असेल तर ब्रेक पेडल कडक होतं.

विजेचं काम सोपं आहे. अशा सोलेनॉइडची कॉइल साधारण तीस ओहमच्या आसपास असते, म्हणजे अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट. इग्निशन चालू असताना वीज मिळते त्या फ्यूजवरून, ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज घालून, ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर पुरे. कॉइलच्या दोन टोकांमध्ये एक १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पुर्जा) टाका, पट्टीची बाजू प्लसकडे. उलटा टाकला तर फ्यूज लगेच उडून सांगेलच. सोलेनॉइड सलग चालू राहायला बनवलेला हवा, नाहीतर कशेडी ते राजापूर जाईपर्यंत हात लावता येणार नाही इतका तापेल.

बटणाबद्दल मात्र आग्रह आहे. साधा चालू-बंद स्विच लावला की तो चालूच राहतो, हा मनुष्यस्वभाव. मग नळीत स्क्रू खुपसण्यात आणि यात काही फरक उरला नाही. त्याऐवजी विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरची जोडणी करा. हिरवं बटण दाबलं की रिले (विजेने चालणारा स्विच) ओढला जातो आणि स्वतःच्याच संपर्कातून स्वतःला धरून ठेवतो. लाल बटण किंवा वीज गेली की सुटतो. चार पिनचा साधा रिले: इग्निशनचा प्लस लाल बटणातून ३० नंबरला, ८५ बॉडीला, ८६ आणि ८७ एकत्र करून सोलेनॉइडच्या प्लसला, आणि हिरवं बटण ३० व ८६ यांच्यामध्ये. लाल बटण दाबल्यावर तुटणारं, हिरवं दाबल्यावर जुळणारं. वीज जाऊन आल्यावर पंप जसा आपोआप सुरू होत नाही, तसं गाडी बंद करून परत चालू केली की झडप आपसूक कंपनीच्या ताब्यात. म्हणजे रोज निदान एकदा तरी हलणारच.

कंपनीच्या सोलेनॉइडची वायर तोडून स्विच घालणारेही आहेत. इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सर्किट तुटलेलं दिसतं आणि काही गाड्यांत इंजिनाचा दिवा लागतो. मग त्याला फसवायला तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर लावतात, जो सहा वॅट उष्णता टाकत कुठल्यातरी गालिच्याखाली भाजत बसतो. दुसरा सोलेनॉइड असताना हे कशाला?

मोटरवाल्या झडपेचं गणित वेगळं. एम-३४०आयसारख्या नव्या गाड्यांत व्हॅक्यूम नसतो. सायलेन्सरवर छोटी मोटर, तिला इसीयूकडून सिग्नल. झडप उघडी असताना कनेक्टर उपसला तर बहुतेक जागी ती तशीच उघडी राहते, पण फॉल्ट कोड नोंदला जातो आणि वर सांगितलेलं जाम होणं लागू होतंच. इथे मोटर आणि कंपनीची वायर यांच्यामध्ये बसणारा तयार कंट्रोलर बरा, जो बंद केल्यावर कंपनीचा सिग्नल जसाच्या तसा पुढे पाठवतो. घेताना हेच एक विचारा. किनाऱ्यावर या मोटरचा खरा शत्रू कनेक्टर. पिनांवर हिरवट बुरशी दिसली की मीठ पोचलंय. डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा, रबरी सील जागेवर आहे ना बघा आणि वायरला कनेक्टरच्या खाली उतरणारा एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळेल, पिनांपर्यंत जाणार नाही.

मुळात झडपच नसलेल्या गाडीत बाहेरची झडप वेल्ड करून बसवायची असेल तर जागा कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) आणि दुसरा ऑक्सिजन सेन्सर यांच्यानंतर, मागच्या टोकाकडेच. त्याआधी धूर बाहेर काढणारी कोणतीही जोडणी करू नये, त्यावर चर्चाच नको. धातू ३०४ दर्जाच्या स्टेनलेसचा चालतो, समुद्राच्या अगदी काठावर राहत असाल तर ३१६ शोधा. त्यात मॉलिब्डेनम असल्याने मिठाचे खड्डे उशिरा पडतात. वेल्डिंग आर्गनचंच, ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल सळई, ३०४ ला कंपनीच्या पाइपला जोडताना ३०९एल. पाइपच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा. नाहीतर सांध्याच्या आतल्या बाजूला साखरेच्या खड्यांसारखा काळा खरबरीत थर येतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. साध्या लोखंडी तारेने मारलेला सांधा बाहेरून छान दिसतो आणि पुढच्या गणपतीपर्यंत तांबडा होतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीचा मायनस काढा. चार ठिकाणी टाके, मग समोरासमोरचे छोटे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यानंतर चकती हलवून बघा. एका दमात गोल मारलं की तापून पाइप अंडाकृती होतो आणि चकती घासते. शक्य असेल तर वेल्डिंगऐवजी व्ही-बँड क्लॅम्प (दोन पाइप आवळून धरणारा पट्टा), कारण ही वस्तू कधीतरी काढावी लागणारच. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा कसला की चिकटतो, म्हणून निकेलचं अँटी-सीझ (चिकटू न देणारा लेप) लावा. झडपेची दांडी आडवी ठेवा. उभी ठेवली तर खालचं बुश पाणी आणि चिखलाची वाटी होतं. मोटर बाजूला किंवा वर, पाइपपासून वीतभर लांब, मध्ये पत्र्याचा आडोसा.

काम झाल्यावर गळती बघा. मागच्या पाइपात जाड फडकं दाबून धरा आणि आयडलला प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे म्हणजे गळती. पीयूसीत आवाज मोजत नाहीत, पण २५०० आरपीएमच्या आसपास लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) बघतात आणि तो ०.९७ ते १.०३ मध्येच लागतो. गळक्या सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली गेली की इंजिन निरोगी असूनही आकडा वर जातो.

झडप उघडी असताना ८०-९०च्या वेगाला डोकं भणभणवणारी घुमघुम येते, ती इंजिनाच्या ठोक्यांची. २००० आरपीएमला सहा सिलिंडरच्या गाडीत सेकंदाला १०० ठोके, चारमध्ये ६७. टोक बंद केलेला फाटा-पाइप लावून ती मारता येते. त्याची लांबी म्हणजे गरम धुरातला आवाजाचा वेग भागिले चौपट ठोके. दीडशे अंशाच्या धुरात वेग सेकंदाला ४१० मीटरच्या आसपास, म्हणजे सहा सिलिंडरला सुमारे एक मीटर आणि चारला दीड. फाट्याचं तापमान नक्की माहीत नसतं, म्हणून दहा सेंटिमीटर जास्त ठेवून कापा, ऐका, मग छाटा. आणि टोकाशी खालच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरचं भोक हवंच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभरच पाणी तयार होतं. घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत ते वाफ होऊन बाहेर जात नाही, फाट्यात आणि सायलेन्सरच्या पोटात साचतं. सायलेन्सर बाहेरून चकचकीत आणि आतून चाळण, हे असंच होतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी गाडी सलग पळवा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाने बदल करू देत नाही. कलम १८२अ(४) खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज-प्रदूषणाचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स बाळगायला अपात्र. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र. परतीची वाट उघडी ठेवणारी जोडणी करा म्हटलं त्यामागे हेही आहे. आमच्या वाड्यांमधले रस्ते दोन्ही बाजूंनी गडग्यांचे (दगडी कुंपणांचे), आवाज चिऱ्यावर आपटून दुप्पट होतो आणि रात्री दहानंतर कोण गेलं ते अख्ख्या वाडीला कळतं. तिथे झडप बंदच हवी. मोकळा आवाज ट्रॅकवर किंवा खासगी जागेत ऐका.

वेळापत्रक असं ठेवा. मोठं काम दसरा ते शिमगा या कोरड्या दिवसांत. मृगाच्या आधी एकदा हातपंपाची चाचणी, ग्रॅफाइट आणि कनेक्टरचं ग्रीस. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तळ गोड्या पाण्याने धुवा, सायलेन्सर थंड झाल्यावर. आरे-वारेच्या समुद्राकाठच्या रस्त्याने किंवा बंदरावरून आलात तर त्याच संध्याकाळी. दाभोळ किंवा जयगडच्या फेरीबोटीवर गाडी चढवायची असेल तर ओहोटीची वेळ टाळा. पाणी उतरलं की बोटीची फळी तिरकी होते, पुढची चाकं चढतात आणि मागचं टोक धक्क्याला टेकतं. तिथे पहिला मार बसतो तो खाली लोंबणाऱ्या ॲक्च्युएटरला.